चौकट कोण आखतं?

(नाशिक येथील शिबिरात बचत गट, वस्ती संघटना आणि महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



शिबिराच्या पत्रिकेत रेशन, कौटुंबिक हिंसाचार, घरकामगारांची नोंदणी असे आपले नेहमीचे विषय आहेत. त्यांच्या मध्येच 'डिझायनरचं काम' हा विषय पाहून काहीजणी हसल्या. डिझायनर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ब्लाउजचा गळा येतो, नाहीतर सिनेमातल्या नटीचा लेहंगा. मग स्त्रियांच्या चळवळीचा याच्याशी काय संबंध, असा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे.

हा विषय मी दोन कारणांनी मागून घेतला. पहिलं कारण आपल्या मुली. आपल्या गटांतल्या बायकांच्या मुली बारावी झाल्या की आता नर्सिंग आणि डी.एड.च्या पलीकडचं काही विचारतात. 'ताई, मला मोबाईलवरच्या ॲपची डिझायनर व्हायचंय,' असं एखादी म्हणते. तिच्या आईचे दोन प्रश्न असतात: यात पैसे मिळतात का, आणि पोरीला कुठं जावं लागतं? या प्रश्नांची उत्तरं कार्यकर्तीजवळ असायला हवीत.

दुसरं कारण आपण स्वतः. गेली दोन वर्षं आपल्या कामाचा केवढा तरी वेळ बायकांचे ऑनलाईन अर्ज भरण्यात गेला. तो अर्ज कुणीतरी बसून आखलेला असतो. कुठला प्रश्न आधी, कुठला नंतर, कुठली चौकट रिकामी ठेवली तर पुढं जाता येणार नाही, हे सगळं कुणीतरी ठरवतं. हे ठरवणारं माणूस कोण, ते कुठून येतं, काय शिकतं, हे आपण कधी विचारलेलं नाही. म्हणून आज हा विषय.

आधी या धंद्याची थोडी माहिती घेऊ.

मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं. तिथं 'कमर्शियल आर्ट'चा वेगळा विभाग १९३५ साली सुरू झाला. चित्रकार व्हायचं म्हणजे उपाशी मरायचं, या भीतीवर मध्यमवर्गीय मराठी घरांना सापडलेला तो तोडगा होता. जाहिरात, पोस्टर, पुस्तकाचं मुखपृष्ठ, साबणाचं वेष्टन हे सगळं त्यात येई. पुढं त्याला 'उपयोजित कला' असं नाव पडलं. तिथून निघालेला विद्यार्थी जाहिरात एजन्सीत लागायचा. एजन्सीत एक जण मजकूर लिहितो, तो कॉपीरायटर. एक जण चित्राची कल्पना काढतो, तो व्हिज्युअलायझर. त्याच्या वर आर्ट डायरेक्टर. पूर्वी अक्षरं हातानं काढत, ब्रोमाइड कापून डिंकानं लेआउटवर चिकटवत. नव्वदच्या दशकात हे काम कॉम्प्युटरवर गेलं. आता त्यातला मोठा भाग मोबाईलच्या पडद्यावर आला आहे. बँकेचं ॲप, गॅस बुकिंगचं ॲप, सरकारी पोर्टल यांचे पडदे आखणाऱ्याला आज प्रॉडक्ट डिझायनर किंवा यूएक्स डिझायनर म्हणतात. म्हणजे जाहिरातीपासून पडद्यापर्यंत असा हा रस्ता आहे.

हा रस्ता अगदी सुरुवातीला चाललेला एक मराठी माणूस तुम्हाला सांगते. रघुनाथ कृष्ण जोशी. साहित्याच्या लोकांना ते कवी र. कृ. जोशी म्हणून माहीत आहेत. जन्म १९३६ चा. जे. जे.मध्ये उपयोजित कला शिकले. मग डी. जे. कीमर या जाहिरात एजन्सीत लागले. याच एजन्सीच्या कलकत्त्याच्या कचेरीत सत्यजित राय यांनीही सिनेमात येण्याआधी चित्रांचं काम केलं होतं. पुढं जोशी 'उल्का' या एजन्सीत गेले आणि तिथं वीसेक वर्षं आर्ट डायरेक्टर होते. १९८३ मध्ये ते पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक झाले आणि निवृत्तीनंतर संगणकासाठी भारतीय लिपींच्या अक्षरांवर काम करत राहिले. आपल्या कॉम्प्युटरवर 'मंगल' नावाचा फाँट असतो ना, तो त्यांनी आखलेला. २००० साली आलेल्या विंडोजमध्ये तो होता. २००८ मध्ये ते वारले.

त्या 'मंगल'ची किंमत जुन्या कार्यकर्त्यांना चांगली कळेल. त्याआधी संस्थांच्या कचेऱ्यांमध्ये श्रीलिपी, आकृती असे निरनिराळे फाँट असायचे. एका संस्थेनं टाइप केलेलं निवेदन दुसऱ्या संस्थेच्या कॉम्प्युटरवर उघडलं की सगळी खिचडी दिसायची. पत्रक पुन्हा टाइप करायचं, नाहीतर प्रिंट काढून कुणाच्या तरी हाती पाठवायचं. युनिकोड या जागतिक पद्धतीत देवनागरीला १९९१ मध्येच जागा मिळाली होती, पण ती पडद्यावर नीट दिसायला तशी अक्षरं कुणीतरी घडवायला हवी होती. ती घडली म्हणून आज गावातली सेविका मोबाईलवर मराठीत निरोप लिहिते आणि तो जिल्ह्याला जसाच्या तसा वाचता येतो. जाहिरातीच्या धंद्यात मिळवलेलं कसब एका माणसानं लोकांच्या भाषेसाठी वापरलं. आपल्या मुलींना हा धंदा सांगताना हे उदाहरण जरूर सांगा, म्हणजे डिझायनर फक्त साबण विकतो असं त्यांना वाटणार नाही.

आता मी नाशिकच्या माणसांकडे येते, कारण बाईचा प्रश्न तिथं सुरू होतो.

त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके आपण सिनेमावाले म्हणून ओळखतो. पण त्यांचीही वाटचाल याच जातीची होती. जे. जे.मध्ये चित्रकला, बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, मग फोटोग्राफी, मग छपाईचा आणि ब्लॉकचा धंदा, आणि शेवटी त्या काळातलं सगळ्यात नवं यंत्र, सिनेमाचा कॅमेरा. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि त्यानंतर त्यांनी आपलं काम नाशिकला आणलं. १९४४ मध्ये ते नाशिकलाच वारले.

त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. या उद्योगासाठी त्यांचे दागिने गहाण पडले, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. बाईचा त्याग म्हटलं की दागिन्यांपाशी गोष्ट संपते. पण सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायचं काम करायच्या, रसायनं कालवायच्या, फिल्म धुवायच्या, चित्रीकरण चालू असताना उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या. आणि साठ-सत्तर माणसांच्या ताफ्याचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. आजच्या भाषेत सांगायचं तर त्या तंत्रज्ञ होत्या, प्रयोगशाळा सांभाळत होत्या, प्रकाशयोजनेला हात लावत होत्या आणि मेसही चालवत होत्या. पगार नाही. पडद्यावर नाव नाही. घरच्या धंद्यात बाईनं केलेलं काम हे घरकामच धरलं जातं, मग ते कितीही कुशल असो. येवल्याच्या पैठणीच्या मागावर बसणाऱ्या, बाजूला कांडी भरणाऱ्या बायकांना विचारा, तोच हिशोब आहे.

म्हणून आपल्या मुलीला डिझायनर व्हायचं असेल तर तिच्याशी पहिलं बोलणं नावाबद्दल आणि मोबदल्याबद्दल व्हायला हवं. भावाच्या बॅनर-फ्लेक्सच्या दुकानात बसून कॉम्प्युटरवर सगळी डिझाइनं बहीण करते आणि दुकान भावाचं, हिशोब भावाचा, हे आपल्या शहरात कुठल्याही चौकात दिसेल. तिला कुणी डिझायनर म्हणत नाही. 'घरीच असते, मदत करते,' म्हणतात.

आता जाहिरातीकडे वळू. आपल्या चळवळीचं आणि जाहिरातीचं नातं भांडणाचं आहे आणि ते भांडण योग्यच आहे. गाडीच्या टायरपासून सिमेंटपर्यंत काहीही विकायला बाईचं शरीर वापरलं गेलं. ऐंशीच्या दशकात बायकांनी शहराशहरांत अश्लील पोस्टरांना काळं फासलं. १९८६ मध्ये स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी करणारा कायदा झाला. तो फार वापरला गेला नाही, आणि कित्येकदा 'असभ्य' म्हणजे काय हे ठरवताना बाईच्या प्रतिष्ठेपेक्षा समाजाच्या सोवळ्याचाच विचार झाला. उघडं अंग खटकलं, पण भांडी फक्त सूनच घासते हे खटकलं नाही. जाहिरातदारांच्या स्वतःच्या परिषदेनं, जी १९८५ मध्ये स्थापन झाली, या साचेबंद चित्रणाबद्दल मार्गदर्शक नियम काढले ते २०२२ साली. म्हणजे बायकांनी बोलायला सुरुवात केल्यावर जवळजवळ चाळीस वर्षांनी.

पण आपण फक्त काळं फासत बसलो नाही, हेही लक्षात ठेवा. आपणही चित्रं केली. स्त्री मुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' नाटक १९८३ मध्ये आलं, त्याच्याबरोबर पोस्टर प्रदर्शनं गावोगाव फिरली. सुमित्रा भावे समाजकार्याच्या क्षेत्रातल्या, आमच्याच शिक्षणाच्या. झोपडवस्तीतल्या बायकांच्या जगण्याचा अभ्यास करताना त्यांना वाटलं की आपला अहवाल या बायका काही वाचणार नाहीत. त्यातून १९८५ मध्ये त्यांनी 'बाई' हा माहितीपट केला आणि पुढं त्या चित्रपटाच्याच झाल्या. ज्यांच्याबद्दल लिहितो त्यांच्यापर्यंत ते पोचलं पाहिजे, ही समाजकार्यातली अडचण त्यांनी चित्रानं सोडवली.

आणखी एक गोष्ट राजस्थानातली. तिथल्या खेड्यांतल्या सुमारे पंचाहत्तर बायकांनी कार्यकर्त्यांबरोबर बसून शरीराची माहिती देणारं पुस्तक तयार केलं. नाव 'शरीर की जानकारी'. दिल्लीच्या 'काली फॉर विमेन'नं ते १९८९ मध्ये छापलं. पहिल्या कच्च्या प्रतीत शरीराची माहिती द्यायला उघड्या बाईचं चित्र होतं. गावातल्या बायका म्हणाल्या, हे खोटं आहे, आमच्या गावात अशी उघडी बाई कुणी पाहिलेली नाही. मग त्यांनीच उपाय शोधला. चित्रातल्या बाईला घागरा-ओढणी नेसवली आणि कागदाचा पदर उचलला की आतलं शरीर दिसेल अशी रचना केली. लाजही राखली, माहितीही दिली. आज डिझाइनच्या महागड्या महाविद्यालयांत शिकवतात की वस्तू बनवण्याआधी वापरणाऱ्याला विचारा, कच्चा नमुना त्याच्या हातात द्या, तो काय म्हणतो ते ऐका. राजस्थानातल्या त्या बायकांनी हे काम कुठल्याही पदवीशिवाय केलं होतं.

हे एवढं सविस्तर सांगितलं, कारण आता मी आपल्या रोजच्या डोकेदुखीकडे येते.

'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जून २०२४ मध्ये जाहीर झाली. महिन्याला १५०० रुपये. या योजनेबद्दल आपल्यात मतभेद आहेत, ते आज बाजूला ठेवू. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारनं सांगितलं की सगळ्या लाभार्थींनी ई-केवायसी करायची. त्यात बाईच्या स्वतःच्या आधारबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकायचा आणि त्यांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी भरायचा. आता आपल्या वस्तीतल्या बायका डोळ्यांसमोर आणा. जिचा नवरा वारला आणि वडील आधीच गेलेत, तिनं कुणाचा ओटीपी आणायचा? जिला नवऱ्यानं टाकलंय, जिची पोटगीची केस चालू आहे, तिनं त्याच माणसाला फोन करून 'जरा ओटीपी सांगा' म्हणायचं? कागदोपत्री घटस्फोट न झालेल्या बायका आपल्याकडे किती आहेत, ते तुम्हाला मी सांगायला नको. कोर्टातून आलेल्या एका बाईला नवऱ्यानं ओटीपीच्या बदल्यात 'केस मागे घे' म्हणून सांगितलं. ओरड झाली, तेव्हा मुदत डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत वाढवली आणि विधवा, घटस्फोटित बायकांनी मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यावा असा मार्ग काढला. टाकलेल्या बाईजवळ यातलं काहीच नसतं.

त्याच अर्जात आणखी एक गंमत होती. 'माझ्या कुटुंबातील सदस्य शासकीय सेवेत कायम कर्मचारी म्हणून कार्यरत नाहीत' अशा अर्थाचं वाक्य, आणि समोर 'होय' आणि 'नाही'. घरात कुणी सरकारी नोकरीत नाही, म्हणून बाईनं सरळ मनानं 'नाही' दाबलं. त्याचा अर्थ झाला, 'नोकरीत नाहीत हे खरं नाही', म्हणजे घरात सरकारी नोकर आहे! नकारार्थी वाक्याला नकार दिला की होकार होतो, हे व्याकरण मोबाईलवर अंगठ्यानं बटण दाबणाऱ्या बाईनं तिथल्या तिथं सोडवायचं. अनेकींनी चुकीचं बटण दाबलं. शेवटी जानेवारी २०२६ मध्ये अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करण्याचं सरकारला जाहीर करावं लागलं. म्हणजे पडद्यावरच्या एका वाक्याची चूक निस्तरायला सेविका पुन्हा घरोघरी. त्याही बायकाच.

सेविकांचा स्वतःचा अनुभवही हाच. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं 'पोषण ट्रॅकर' हे ॲप आणलं. ते भरायचं सेविकांनी, आणि सुरुवातीला भाषा इंग्रजी. सरकारी मोबाईल कमी क्षमतेचे, मध्येच बंद पडणारे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते मोबाईल सरकारला परत केले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. पुढं ॲपमध्ये मराठी आलं. ते कुणा डिझायनरला सुचलं म्हणून आलं नाही, बायकांनी मोबाईल टेबलावर नेऊन ठेवले म्हणून आलं.

या सगळ्यात कुणी मुद्दाम बायकांचं वाईट चिंतलं असं मी म्हणत नाही. पण पडदा आखणाऱ्याच्या मनात एक बाई असते. त्या बाईला नवरा आहे, तो तिच्याशी बोलतो, त्याचा मोबाईल आधारला जोडलेला आहे आणि तो घरात असतो. तिला शांतपणे वाचायला वेळ आहे. ही बाई आपल्या वस्तीत सापडत नाही. पण फॉर्म तिच्यासाठी तयार होतो आणि बाकीच्या बायका 'अपात्र' होतात. आधी कारकून म्हणायचा, 'नवऱ्याला घेऊन या.' त्याच्याशी भांडता तरी येत होतं. लाल तारांकित चौकटीशी कुणी भांडायचं?

चौकट बदलता येते, हेही तुम्हाला माहीत आहे. शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव यावं म्हणून किती वर्षं मागणी चालली होती. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव, असा क्रम महाराष्ट्र सरकारनं शासकीय कागदपत्रांसाठी ठरवला. ज्या बाईनं एकटीनं पोरं वाढवली तिला त्या एका चौकटीची किंमत विचारा.

आता आयांच्या दोन प्रश्नांकडे येते.

पोरीला कुठं जावं लागतं? सुरुवात शाळेतूनच होते. शासनाच्या रेखाकला परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, मुलीला जरूर द्यायला लावा. त्यांचे गुण पुढं उपयोगी पडतात. बारावीनंतर उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी आहे, तिला राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा असते. आयआयटी आणि तशा संस्थांतल्या डिझाइनच्या पदवीसाठी २०१५ पासून 'यूसीड' ही वेगळी परीक्षा आहे, ती बारावीच्या कुठल्याही शाखेची मुलगी देऊ शकते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क माफीचा शासन निर्णय जुलै २०२४ मध्ये झाला. आपला अभ्यासक्रम आणि ते महाविद्यालय त्यात बसतं का, हे प्रवेश घेण्याआधी लेखी विचारून घ्या. रंगीत माहितीपत्रकं छापून सहा महिन्यांत डिझायनर करतो म्हणणाऱ्या क्लासला कर्ज काढून पैसे भरू नका. या धंद्यात प्रमाणपत्रापेक्षा पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामाची वही, पाहतात. बचत गटाच्या पापडाचं वेष्टन, संघटनेचं पोस्टर, आरोग्य शिबिराचं पत्रक ही कामं मुलीकडून करून घ्या, तिचं नाव छापा आणि थोडे का होईना पैसे द्या. तिची वही तिथून सुरू होईल.

पैसे मिळतात का? मिळतात, पण नोकरीचं स्वरूप समजून घ्या. जाहिरात एजन्सीत रात्री उशिरापर्यंत काम हे ठरलेलं. 'उद्या क्लायंटला दाखवायचंय' म्हटलं की घड्याळ संपतं. लग्न झालेली, मूल असलेली बाई तिथून हळूहळू बाहेर पडते, आणि वर पोचलेल्यांत बायका कमी का, याचं बरंचसं उत्तर या रात्रींत आहे. मग ती घरून सुटी कामं घेते, म्हणजे फ्रीलान्स. सोयीचं वाटतं, पण तिथं प्रसूती रजा नाही. २०१७ मध्ये नोकरदार बाईची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, ती घरून काम करणारीला लागू होत नाही. कामाचे पैसे बुडाले तर दाद कुठं मागायची, कळत नाही. म्हणून मुलीला सांगा, काम घेण्याआधी रक्कम, तारीख आणि किती वेळा बदल करून देणार हे लिहून घ्यायचं, निम्मे पैसे आधी. बिडी आणि शिवणकामाच्या बायकांना आपण जे सांगत आलो तेच.

आणि कचेरीत छळ झाला तर २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवीच. लहान स्टुडिओ असेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. मुलीला नोकरीच्या पहिल्या दिवसाआधी हे माहीत हवं.

या क्षेत्रात मराठी मुलींची वाट मळलेली नाही, पण पावलं उमटलेली आहेत. पवईच्या ज्या केंद्रात र. कृ. जोशी शिकवत होते तिथं शिल्पा रानडे प्राध्यापक आहेत, त्यांचा 'गोपी गवैया बाघा बजैया' हा ॲनिमेशनपट २०१३ मध्ये आला. 'एक टाइप' या अक्षरं घडवणाऱ्या गटात नूपुर दात्ये आहेत. मुलींना ही नावं सांगा.

मात्र एक भ्रम बाळगू नका. बाई डिझायनर झाली म्हणून फॉर्म आपोआप बाईच्या बाजूचा होत नाही. ती शहरातली, सुस्थितीतली असेल तर तिच्याही मनात तीच नवरा-ओटीपीवाली बाई असेल. म्हणून आपल्या वस्तीतल्या मुलींनी तिथं जायला हवं, आणि त्या जाईपर्यंत आपण बाहेरून बोलत राहायला हवं.

शेवटी तीन ठोस कामं सुचवते. त्यांवर गटचर्चेत बोलू.

एक. नवं ॲप किंवा पोर्टल आलं की प्रत्येक संघटनेनं पहिल्या आठवड्यात पाच बायकांकडून ते भरून घ्यावं: एक विधवा, एक टाकलेली, एक निरक्षर, एक दुसऱ्याचा मोबाईल वापरणारी आणि एक अपंग. आपण शेजारी बसायचं, पण बटण दाबून द्यायचं नाही. बोट कुठं अडलं, कुठला शब्द कळला नाही, ते वहीत लिहायचं. डिझायनर मंडळी अशीच चाचणी घेतात. 'बायकांना त्रास होतो' एवढ्या तक्रारीपेक्षा 'तिसऱ्या पडद्यावरच्या दुसऱ्या प्रश्नाला पाचपैकी चारजणी अडल्या' हे लिहिलेलं निवेदन अधिकाऱ्याला टाळता येत नाही.

दोन. निवेदनात मागणी नेमकी असावी. पती किंवा वडील यांची चौकट सक्तीची नको, 'एकटी' हा पर्याय हवा आणि त्यासाठी दाखला नको, स्वयंघोषणा पुरे. प्रश्न होकारार्थी वाक्यात हवा. अर्ज पाठवण्याआधी भरलेलं सगळं मराठीत वाचून दाखवणारं बटण हवं. चूक दुरुस्त करायची सोय हवी.

तीन. आपली जुनी पोस्टरं, पत्रकं, हातानं रंगवलेले फलक माळ्यावर, पलंगाखाली पडलेले असतील. ते काढा, त्यांच्यामागे कुणी काढलं, कुठल्या साली, कुठल्या मोर्चासाठी, हे पेन्सिलीनं लिहा आणि फोटो काढून ठेवा. काढणाऱ्या बाईचं नाव आठवत असेल तर ते आत्ताच लिहा, कारण ते माहीत असणाऱ्या बायका आता थोड्या उरल्या आहेत.

नाशिकरोडच्या छापखान्यात १९२५ पासून सरकारी छपाई चालते, देशाची टपाल तिकिटं तिथं छापली गेली. नोटांचा छापखाना १९२८ चा. देशानं काय छापायचं, कुणाचं चित्र कशावर टाकायचं, याची ठसठशीत खूण आपल्या शहरात शंभर वर्षं आहे. सावित्रीबाई फुल्यांचं तिकीट निघायला १९९८ साल उजाडावं लागलं. आता तिकिटांची जागा पडद्यांनी घेतली आहे. हे पडदे आखले जात असतानाच आपण तिथं असायला हवं. उद्याच्या गटचर्चेत प्रत्येक संघटनेनं आपापल्या वस्तीतला एक अर्ज आणि त्यातली एक अडलेली चौकट सांगावी, एवढी विनंती करून मी थांबते.